सोवळ्यातले गळ

मद्रासहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, महाबलीपुरम पाहिलंत का? नाही पाहिलं. महाबलीपुरमच्या अलीकडे कोवलम नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथवर गेलो, तिथल्या वाळूत दिवसभर भाजून निघालो आणि तिथूनच मागे फिरलो. इतक्या लांब गेलेला माणूस देवळं न बघता, माशाला दहीभात खाऊ घालून परत येतो, हे ऐकून आमच्या घरच्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हा काय झालं ते एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

गिंडी

आमच्या पुण्याच्या पेढीने मद्रासमधल्या गिंडीच्या एका छोट्या कारखान्याला लेथ विकला होता. तो बसवून, चालवून दाखवायला मला पाठवलं होतं. लेथ माझ्या आधीच पोचला होता. त्याची मोटर मात्र रेल्वेच्या पार्सलात वाट चुकली होती. पार्सल ऑफिसात रोज खेटे घालायचे आणि तिथल्या बाबूने रोज हसून 'नाळै' म्हणायचं. मी शिकलेला पहिला तमिळ शब्द तोच. नाळै म्हणजे उद्या. हा शब्द आपल्याकडेही सरकारी कचेरीत चालतो, पण आपला बाबू तो उच्चारताना हसत नाही.

एके दिवशी मोटरीविना उभ्या असलेल्या त्या लेथच्या सात पिढ्यांचा उद्धार मी मोठ्याने करत होतो. तेवढ्यात स्टोअरच्या जाळीमागून आवाज आला, "कोण तो मराठी शिव्या द्यायाला लागला?"

जाळीमागून स्टोअरकीपर सेतुराम राव बाहेर आले. धोतर, वर कोट, कपाळावर गंध, आणि बोटांना तपकिरीचा वास. तंजावरकडचं हे मराठी कुटुंब. मद्रासला नोकरीसाठी येऊन राहिलेलं. त्यांचं मराठी ऐकून मला पणजोबाच तमिळ चालीवर बोलताहेत असं वाटलं. माझ्या शिव्यांवर मात्र ते बेहद्द खूश होते. म्हणाले, "शुद्ध मराठी ऐकून फार काळ झाला."

"लॉजांत कशाला राहतांत, प्रधान?" मी नाव-पत्ता सांगितल्यावर त्यांनी विचारलं. "आमचे घरास या. मांबळमांत आहे. गांव कोणता तुमचा?"

"अलिबाग."

"समुद्राजवळ?"

"अगदी काठावर."

रावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मासे खातांत?"

झालं, आता हे आमंत्रण गेलं, असं समजून मी हळूच म्हणालो, "खातो." पण रावांचा चेहरा एकदम उजळला. "सरी! बरें! आजच या," असं म्हणून त्यांनी माझा हात धरला. मी मासे खातो हे ऐकून इतका आनंद झालेला सोवळा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला जरा संशयच आला, पण लॉजच्या जेवणापुढे संशय टिकला नाही.

मांबळम

दारात रांगोळी, दिवाणखान्यात पाटाचा झोपाळा, मागे विहीर. रावांच्या पत्नी अंबुजाबाई यांनी केळीच्या पानावर आंबट वरण, डांगर पचडी, चिंचेच्या रसात शिजवलेला भाज्यांचा कायरस असं सगळं वाढलं. चिंच या बाईंच्या हातून सढळ पडते. भातावर मेतकूट पाहून मला भरून आलं. आपल्याकडे मेतकूट आजाऱ्याला मऊ भाताबरोबर देतात, तिथे धडधाकट माणूस ते आवडीने मागून घेतो. माझं पान मात्र बाकीच्यांच्या पानांपासून हातभर लांब मांडलं होतं.

"तुम्हीं तें खातांत म्हणे," अंबुजाबाई म्हणाल्या.

"घरी खातो. इथे नाही."

"बरें," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कायरस आणखी वाढला. पान होतं तिथेच राहिलं.

रावांचा एकुलता मुलगा माधव समोर बसला होता. बिनतारी संदेशाची परीक्षा पास होऊन त्याला मालवाहू बोटीवर नोकरी लागली होती, आणि बोट लवकरच निघायची होती. आईने त्याला अडवलं नव्हतं. फक्त देवापुढे उभं करून, समईवर हात धरायला लावून शपथ घेतली होती, की बोटीवर मांसमच्छी तोंडात घालणार नाही. माधवने शपथ घेतली. मुलगा शब्दाचा इतका पक्का, की बोटीवर जायच्या आधीपासूनच त्याने अंड्याचा संशय म्हणून बेकरीची बिस्किटं सोडली होती.

जेवणानंतर राव मला विहिरीकडच्या पडवीत घेऊन गेले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी खोकल्याच्या इंग्रजी गोळ्यांची एक चपटी पत्र्याची डबी काढली आणि दाराकडे नजर ठेवत उघडली. आत मासे धरायचं सगळं सामान होतं. लाकडी फणीचा तुकडा कापून त्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. शिवणाच्या जाड सुया दिव्यावर लाल करून वाकवलेले गळ, आणि ते टोचू नयेत म्हणून एरंडेलाच्या बाटलीच्या बुचात खोचलेले. तेच बूच पाण्यावर तरंगवायलाही. माशाने दोरा कुरतडू नये म्हणून गळाच्या वर बांधायला अंबुजाबाईंच्या वीणेची तुटलेली तार. शिशाचे मणी. ब्लेडचा अर्धा तुकडा, मेणात बुडवलेल्या काड्या, मेणबत्तीचं थोटूक. शिवाय माशाला भुलवायला एक चकचकीत तांब्याचा पत्रा होता. तो ओळखीचा वाटला म्हणून मी निरखून पाहिला.

"ही संध्येची पळी आहे का?"

"जुनी होती," राव घाईने म्हणाले. "दांडा तुटला होता."

"पण हे सगळं कशाला?"

राव घुटमळले. "माधू समुद्रावर जाणार. समजा, तसें झालें..."

"कसं?"

त्यांनी वर वाशांकडे बोट दाखवलं. घरात अभद्र बोललं की वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे आपल्याकडेही मानतात. पण आपण अभद्र बोलतो आणि मग जीभ चावतो. या घरात ते मुळीच बोलत नसत. बोट या शब्दाच्या शेजारी कोणतं क्रियापद ठेवायचं नाही हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं, त्यामुळे ही डबी कशासाठी आहे हे सांगायची कुणालाच सोय नव्हती.

"मोठ्या बोटींवर तसल्या सोयी असतात हो," मी म्हणालो.

"असतील. पण त्या माधूसाठीं कोणी केल्या आहेत?"



मग मला घरी का आणलं ते कळलं. डबीतली प्रत्येक वस्तू रावांनी हाताने घडवली होती, ठाकठीक बसवली होती. पण ती चालते की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण घराण्यात मासा ओळखणारं कुणी नव्हतं. डबीजवळ अजून मासा आलाच नव्हता, म्हणून ती सोवळ्यात होती आणि घरात राहू शकत होती. एकदा का तिने मासा धरला, की पुन्हा उंबरठ्याच्या आत कशी यायची? म्हणून प्रयोग करायचं लांबत चाललं होतं. आता अलिबागचा माणूस सापडला होता.

माशांविषयी माझं ज्ञान असं, की कोळीण दारात पाटी उतरवते, आई कल्ला उचलून बघते, दोघींचं यथास्थित भांडण होतं, आणि मासा रव्यात घोळून ताटात आला की तिथून माझं काम सुरू होतं. हे मी रावांना सांगणार होतो. पण ते माझ्याकडे इतक्या आशेने पाहत होते, आणि कायरस इतका सुरेख झाला होता, की माझ्या तोंडून "बघूया" एवढंच निघालं. त्या शब्दाबरोबर माझी तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली.

पुढचे काही दिवस मोटर येत नव्हती आणि आम्ही दोघं संध्याकाळी पडवीत डबी लावत होतो. गळ टाकण्यात नसली तरी जागेत वस्तू बसवण्यात माझी हयात गेली आहे. तंगूस गोल गुंडाळला की सोडताना पिळे पडतात, म्हणून फणीच्या तुकड्याला दोन्हीकडे खाचा पाडून मी तो आडवातिडवा गुंडाळला. ब्लेड झाकणाला मेणाने चिकटवलं. मणी बुचाच्या पोकळीत गेले. शेवटी झाकण लावलं की डबी हलवली तरी आवाज होईना, आणि आत टाचणी ठेवायलाही जागा उरली नाही. राव ती कानाशी धरून हलवायचे आणि तृप्त व्हायचे. अंबुजाबाई घागर घेऊन विहिरीवर यायच्या, आमच्याकडे ढुंकूनही न बघता पाणी काढून जायच्या.

माधवचं म्हणणं वेगळंच होतं. "अप्पा, मीं शब्द दिला आहे. मासा सांपडला तरी काय करूं? सोडूनच देणार."

"मग सोड. पण आधीं धर."

"खायाचा नाहीं तर धरूं कशास? आईला विचारा ना, तसें झालें तर शपथेचें काय?"

"कसें विचारूं?" राव चिडून म्हणाले. "विचारायाला तें नांव काढावें लागेल."

खरी गाठ तिथे होती. डबीत सगळं होतं, पण डबीतून निघालेला मासा खायची परवानगी एकट्या अंबुजाबाई देऊ शकत होत्या. ती मागायची तर मुलाची बोट त्यांच्यासमोर शब्दांनी का होईना बुडवावी लागणार होती, आणि ते धैर्य त्या घरात कुणाच्याही अंगी नव्हतं. मी पाहुणा. मी तर लांबच्या पानावरचा.

कोवलम

रविवारी आम्ही तिघं कोवलमच्या बसमध्ये बसलो. अंबुजाबाईंनी दहीभाताचा डबा आणि लिंबाचं लोणचं दिलं. कुठे चाललात असं विचारलं नाही. रावांनी देवळाला जातो असं आपणहून सांगितलं, आणि न विचारता दिलेलं उत्तर ऐकून त्या नुसत्या "हूं" म्हणाल्या.

शहर मागे पडल्यावर ताडाची झाडं आणि मग केळंबाक्कमची मिठागरं लागली. उन्हात पांढरे ढीग पाहून मला आपल्या पनवेलकडची आठवण झाली. बसमध्ये मासळी विकून परत निघालेल्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. पाट्या रिकाम्या असल्या तरी वास भरलेला होता. राव उपरणं नाकाला लावून खिडकीबाहेर बघत होते. मी, बऱ्याच दिवसांनी, पोटभर श्वास घेतला.

कोवलमच्या किनाऱ्यावर आपल्यासारखी होडकी कमी. तिथे ओंडके शेजारी शेजारी ठेवून दोराने बांधतात, त्यावर बसून सरळ समुद्रात जातात. परत आले की दोर सोडून ओंडके वाळत घालतात. आपल्याकडे होडीला नाव असतं, रंग असतो, नारळी पौर्णिमेला पूजा असते. इथे होडीच रोज मोडतात आणि रोज जोडतात. रावांनी हे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. लाकडाचे हे तुकडे समुद्रावर जाऊन परत येतात म्हटल्यावर धीर यायला हवा होता, पण बापाला धीर कशानेच येत नाही.

खाडी समुद्राला मिळते तिथल्या दगडांवर आम्ही ठाण मांडलं. आमिष म्हणून रावांनी तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळून आणल्या होत्या.

"हिंग लावला आहे," ते म्हणाले. "वासास येतील. येतात ना?"

"अलिबागचे येतात," मी ठोकून दिलं.

पहिल्या फेकीत गळ माझ्याच सदऱ्यात अडकला. दुसऱ्या फेकीत तो पाण्यात पडला, आणि सांगायला आश्चर्य वाटतं, मासे खरोखर हिंगाला आले. बूच बुडालं, दोरा ताणला, मी ओढला, आणि गळ रिकामा वर आला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सगळ्या गोळ्या संपल्या तेव्हा आम्ही दहीभाताची शितं लावू लागलो. जाळं विणत बसलेले कोळी एकेक करून आमच्यामागे येऊन बसले. एकाने रावांकडे तपकीर मागितली आणि ओढत ओढत तमाशा बघू लागला.

"इथली मासळी फार चलाख दिसते," मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो.

माधवने गळ हातात घेऊन टोकावरून नख फिरवलं. "अप्पा, यास उलटा कांटा नाहीं. मासा अडकेल कसा?"

माझी ट्यूब पेटली. गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो, तो मासा निसटू देत नाही, हे मलासुद्धा माहीत होतं, फक्त वेळेवर आठवलं नव्हतं.

"होता," राव म्हणाले. "अस्क्या, सगळ्या गळांस होता. मींच घासून काढला."

"कां?"

रावांनी अंगठा पुढे केला. त्यावर एक जुना व्रण होता. "करतांना एक माझेंच बोटांत गेला. जातांना कांहीं नाहीं. काढतांना फार दुखतें, माधू. मग वाटलें, त्या माशासही..."

मला हसू फुटलं, पण सोबत कुणी हसलं नाही म्हणून ते तिथेच राहिलं. मुलाचा जीव वाचावा म्हणून या माणसाने गळ घडवले होते, आणि माशाला लागू नये म्हणून ते बोथट केले होते. दोन्ही कामं त्याने मनापासून केली होती. मला फार वाईट वाटलं, आणि अंबुजाबाईंची शपथ उगाचच कडक आहे असा त्यांच्यावर रागही आला.

रावांनी मग कनवटीचा पीळ सोडला. आत कागदाच्या पुडीत एक गळ होता, काट्यासकट. "एक ठेवला होता," ते म्हणाले आणि स्वतःच तो तारेला बांधू लागले. गाठ नीट बसेना म्हणून ती माधवने मारली.

या वेळी बूच बुडालं आणि वर आलंच नाही. मी ओढला. वीतभर लांबीचा एक रुपेरी मासा दगडावर येऊन उड्या मारू लागला. मागच्या कोळ्यांनी आरोळी ठोकली. आम्ही तिघं एकदम मागे सरलो. तज्ज्ञाने मासा असा उड्या मारताना कधी पाहिला नव्हता. त्याचे मासे निमूट पडून असत. शेवटी माधवने ओल्या रुमालात तो धरला. रावांनी तोंड फिरवलं. गळ निघायला वेळ लागला. मग माधवने मासा पाण्यात सोडला, आणि तो क्षणात दिसेनासा झाला.

"गेला?" रावांनी न बघता विचारलं.

"गेला."

"चालतें मग," राव म्हणाले. डबीबद्दल बोलत होते. त्यांचे डोळे भरले होते. "घरीं गेल्यावर अस्क्या गळांस कांटे करूं."

इतक्या खटपटीने धरलेला मासा सोडून देणारे लोक पाहून कोळ्यांना आमची दया आली असावी. तपकीरवाल्याने ताडाच्या पातीत बांधून दोन मासे आणून माझ्या हातात दिले. राव "वेंडाम, वेंडाम", म्हणजे नको नको, म्हणत मागे मागे सरकत होते. मी ते घेतले, बसथांब्यापर्यंत वागवले आणि डोळ्यांत पाणी आणून एका म्हातारीला देऊन टाकले.

पुन्हा मांबळम

मागच्या दारात अंबुजाबाई बंब पेटवून उभ्या होत्या. देवळातून आलेल्या माणसाला अंघोळ कशाला, हा प्रश्न कुणी काढला नाही. आम्ही तिघंही विहिरीवर निमूट न्हालो.

"आतां ती डबी," अंबुजाबाई म्हणाल्या.

"कोणती डबी?" रावांनी विचारलं.

"माझे विहिरीवर रोज उघडतां मिटतां ती."

रावांनी ती मुकाट्याने पुढे केली. बाईंनी ती चिमट्यात धरून हळदीच्या पाण्याच्या बादलीत सोडली. डबी तळाशी गेली आणि तिच्यातून बुडबुडे वर येऊ लागले. सगळे बघत राहिलो. इतके दिवस मी तिच्यात वस्तू बसवल्या, पण झाकणातून पाणी जातं का हे बघायचं मला, यंत्रांवर पोट भरणाऱ्या माणसाला, सुचलं नव्हतं.

"आंत पाणी जातें तिचे," अंबुजाबाई म्हणाल्या आणि भात बघायला आत गेल्या.

मग आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून झाकणाच्या कडेला बसवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी डबी पुन्हा विटाळ म्हणून बादलीत टाकली. बुडबुडे कमी आले. कडेला मेण ओतलं. पुन्हा बादली. डबीचा विटाळ काही केल्या फिटत नव्हता, आणि बाई प्रत्येक वेळी बुडबुडे थांबेपर्यंत पदर खोचून उभ्या राहत होत्या. ज्या दिवशी एकही बुडबुडा आला नाही, त्या दिवशी त्या म्हणाल्या, "झालें शुद्ध."

एवढ्यात मोटर आली, लेथ फिरला, माझं काम संपलं. पेढीची परत ये म्हणून तारही आली. मी मोटरीत बिघाड असल्याचं कळवून माधवची बोट सुटेपर्यंत राहिलो.

बंदर

बंदराच्या फाटकापाशी ऊन रणरणत होतं. माधव पांढऱ्या गणवेशात, पायाशी ट्रंक. राव त्याला प्रकृतीचं सांगत होते, पत्रांचं सांगत होते, आणि हात सारखा कोटाच्या आतल्या खिशाकडे जाऊन परत येत होता. बायकोसमोर डबी कशी द्यायची हे त्यांना सुधरत नव्हतं.

"द्या ना आतां," अंबुजाबाई म्हणाल्या. "सगळे येथें उन्हांत किती उभे राहणार?"

रावांनी डबी काढली. ती माधवने घेण्याआधी बाईंनी घेतली, उघडली, आत बघितलं. मग मेणबत्तीचं थोटूक उचलून त्यांनी रावांच्या हातावर ठेवलं आणि कमरेला खोचलेली मेणकापडाची एक चपटी पुडी काढून त्या जागी बसवली.

"काय आहे, आई?" माधवने विचारलं.

"मीठ, तिखट, हळद."

माधव गोंधळला. "पण मीं शब्द दिला आहे."

"शब्द बोटीचा होता. बोटीवर आहेस तोंवर पाळ." बाईंनी पुडीची घडी नीट केली. "नंतर कच्चें नको खाऊं."

राव थोटूक मुठीत धरून उभे होते. माधवने वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. तो उठेपर्यंत बाई माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत आपणहून त्यांनी मला विचारलेली ती पहिलीच गोष्ट.

"अहो प्रधान, तुम्हीं तें खातांत. चिंच लागते कीं नाहीं त्यास?"

"लागते," मी म्हणालो. "लागतेच."

"मग घातली तें बरें केलें," अंबुजाबाई म्हणाल्या. त्यांनी झाकण अंगठ्याने दाबून लावलं, डबी माधवच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.